‘आमचा मुलगा कॉलेजात खेळेल का?’

मार्चमध्ये कॉलेजांचे बाद फेरीचे सामने टीव्हीवर सुरू झाले की या सदराकडे बास्केटबॉलची पत्रं येतात. यंदा ती इतकी आली की संपादकांनी अख्खं पान त्यांनाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच असे. निवृत्त झाल्यावर दोन्ही सुटलं, बोलायची सवय तेवढी राहिली. पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न: ताई, आमचा मुलगा नववीत आहे. शाळेच्या जेव्ही, म्हणजे दुय्यम, संघात पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा) खेळतो. त्याच्या ट्रॅव्हल टीमचा ट्रेनर म्हणतो, हा डिव्हिजन वनचा (कॉलेजच्या खेळातली सर्वांत वरची श्रेणी) खेळाडू आहे, फक्त वर्षभर खासगी ट्रेनिंग आणि उन्हाळ्यात वरच्या दर्जाची टीम हवी. यजमान म्हणतात, हे सगळं वेड आहे, त्या पैशात एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास लावा. त्यातच मागच्या आठवड्यात एका मोठ्या विद्यापीठाच्या कोचचं मुलाच्या नावानं पत्र आलं, उन्हाळी कॅम्पचं आमंत्रण. घरात आनंदीआनंद. खरी शक्यता किती, ते स्पष्ट सांगा.

उत्तर: आधी ते पत्र. फ्रिजवर लावायचं तर लावा, पण त्यावरून काही ठरवू नका. एनसीएए, म्हणजे कॉलेजांमधले खेळ चालवणारी संघटना, हिच्या नियमांप्रमाणे कॉलेजचा कोच कॅम्पची माहिती आणि छापील प्रश्नावली कुठल्याही वयाच्या मुलाला केव्हाही पाठवू शकतो. विद्यापीठांचे हे कॅम्प नियमानंच सर्वांना खुले असतात. फी भरली, जागा शिल्लक असली, की प्रवेश. पत्रावर नाव आहे म्हणजे कोचनं मुलाला खेळताना पाहिलंय असं नव्हे. नावं संगणक घालतो. कॅम्प वाईट नसतात. मुलगा हौसेनं जात असेल तर जरूर पाठवा, चार नवीन गोष्टी शिकेल. फक्त ‘आपल्याला बोलावणं आलंय’ असं नातेवाइकांना कळवू नका.

खरा संपर्क निराळा असतो. मुलांच्या डिव्हिजन वन बास्केटबॉलमध्ये कोचला खेळाडूशी थेट बोलायला, मेसेज पाठवायला, दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून परवानगी मिळते. तुमचा मुलगा नववीत आहे. म्हणजे ज्यांच्या हातात जागा आहेत त्यांना अजून त्याच्याशी बोलायचीही मुभा नाही, आणि ट्रेनरनं मात्र निकाल जाहीर केलाय. मुलाला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात ट्रेनरचं काही जात नाही, उलट दर तासाची फी येते.

आता आकडे, कारण तुमच्या यजमानांना ते हवे असणार. एनसीएएच्याच २०२० सालच्या हिशेबाप्रमाणे देशभरात हायस्कूलच्या संघांतून खेळणारी मुलं साधारण ५,४०,०००. त्यांतली ३.५ टक्के एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनमध्ये पोहोचतात. वनमध्ये १ टक्का, टूमध्ये १ टक्का, थ्रीमध्ये १.४ टक्के. (बेरीज जुळत नाही म्हणून पत्र पाठवू नका, अपूर्णांक जवळच्या आकड्याला नेल्यामुळे तसं दिसतं.) हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. त्यात सहा फूट नऊ इंचांचा सेंटरही आला आणि शाळेचं जॅकेट मिळावं म्हणून संघात शिरलेलाही आला. त्यामुळे तुमच्या मुलाची शक्यता नेमकी १ टक्का आहे असं म्हणणंही चूक. आज ती कुणालाच माहीत नाही.

जागांचा हिशेब मात्र करता येतो, आणि तो मला टक्केवारीपेक्षा उपयोगाचा वाटतो. डिव्हिजन वनमध्ये मुलांचे ३६० च्या आसपास संघ आहेत. संघात १५ खेळाडू धरले तर जागा साधारण ५,४००. प्रत्येक जण चार वर्षं टिकला तर दरवर्षी १,३५० जागा मोकळ्या होतील. पूर्वी या जागांवर बहुतांशी हायस्कूलमधून बाहेर पडणारी मुलं यायची. आता तसं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) सुरू झालं, २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. २०२५ च्या वसंतात मुलांच्या बास्केटबॉलमधून दोन हजारांहून अधिक खेळाडू या पोर्टलमध्ये होते. शिवाय युरोपातल्या क्लबांत मोठ्यांबरोबर खेळलेली पोरं आता कॉलेजांकडे वळली आहेत. कोचच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. नोकरी टिकवायची तर यंदा जिंकायचंय. समोर अठरा वर्षांचा हुशार गार्ड आहे आणि कॉलेजच्या दर्जाचे साठ सामने खेळलेला, अंगानं भरलेला बावीस वर्षांचा गार्डही आहे. तो कुणाला घेईल? जुन्या खेळाडूंच्या पालकांनी सांगितलेल्या भरतीच्या गोष्टी म्हणूनच जपून ऐका. त्या खऱ्या आहेत, पण पोर्टलच्या आधीच्या आहेत.

मग काय करायचं? शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघाच्या, कोचकडे जा. ट्रेनरकडे नव्हे. या माणसाला तुमच्याकडून एक पैसा मिळायचा नाही. ‘आमचा मुलगा कॉलेजात खेळेल का’ असं विचारलंत तर तो गुळमुळीत बोलेल, मीही बोलले असते. असं विचारा: ‘गेल्या काही वर्षांत याच्यासारखे गार्ड तुमच्याकडे होते, ते नववीत कसे होते आणि पुढे कुठे खेळले?’ त्याला नावं आठवतील, कॉलेजं आठवतील आणि तुम्हाला मापपट्टी मिळेल. अकरावीत मुलाचं नाव कुणी विचारायला आलं का, हेही पहिल्यांदा त्याच्याच कानावर जाणार.

येणारा माणूस काय बघतो ते एकदा मी जवळून पाहिलं. आमच्या एका मुलीला बघायला छोट्या कॉलेजची सहायक कोच आली होती. मांडीवर वही. मुलीनं पहिल्या सत्रात लागोपाठ तीन बास्केट केल्या, बाईंनी पेन उचललं नाही. मग समोरच्या संघानं चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्यानं फिरवला. आमची मुलगी आत, बास्केटखाली मदतीला उभी होती, आणि तिनं अडवायची ती खेळाडू कोपऱ्यात मोकळी. ती धावली, शेवटची दोन पावलं आखूड घेतली, बूड खाली, हात वर, आणि शूट करणारीला शूट करू दिलं नाही, बगल देऊन पुढेही जाऊ दिलं नाही. पेन चाललं. नंतर तिला बदलून बेंचवर बसवलं तेव्हाही बाई कोर्टाकडे नव्हे, बेंचकडे बघत होत्या. पाण्याची बाटली कशी ठेवते, आत गेलेल्या मुलीला काही ओरडून सांगते का, की टॉवेल डोक्यावर घेऊन बसते. मुलाच्या हायलाइटच्या व्हिडिओत हे काहीच नसतं. म्हणून कोच तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहून, पसंत पडला तर लगेच अख्ख्या सामन्याचं चित्रण मागतात. ते मागितलं तर खूश व्हा. तो खरा रस.

राहिली एसएटी. यजमानांना सांगा, एनसीएएनं पात्रतेसाठीची एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली. पण हायस्कूलमधले १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी ही डिव्हिजन वनची अट आहे, आणि त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवेत. गणिताची तीन वर्षं, अल्जेब्रा वन किंवा त्यापुढची. उन्हाळाभर विमानानं स्पर्धांना फिरून सप्टेंबरात भूमिती कच्ची राहिलेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ट्रेनिंगचे पैसे परवडत असतील आणि मुलगा स्वतःहून उठून जात असेल तर द्या. कर्ज काढून, घरातल्या धाकटीचं काही थांबवून देत असाल तर देऊ नका. दहावीचा हंगाम संपल्यावर मला पुन्हा लिहा.

प्रश्न: मावशी, मी आठवीत आहे, उंची पाच फूट चार इंच. बाबा पाच आठ, आई पाच दोन. मी रोज दारावरच्या बारला लटकतो. मी सहा फूट होईन का? मायकेल जॉर्डनलाही शाळेच्या टीममधून काढून टाकलं होतं ना?

उत्तर: गणिताच्या बाईला विचारलंस, आता गणित घे. आईबाबांची उंची सेंटीमीटरमध्ये कर: बाबा १७३, आई १५७. मुलगा असल्यामुळे बेरजेत १३ मिळव आणि दोनानं भाग. १७१.५ आले, म्हणजे पाच फूट साडेसात. बालरोगतज्ज्ञ याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सेंटीमीटर मोकळे सोडतात. म्हणजे तू पाच चारच्या थोडा वर थांबशील किंवा पाच अकराला टेकशील. सहा फूट अगदी अशक्य नाही, पण मी पैज लावणार नाही. खरंच जाणून घ्यायचं असेल तर डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय सांगतात. लटकून खांदे मजबूत होतात, उंची वाढत नाही. लटकत राहा.

जॉर्डनची गोष्ट सगळ्यांनी मीठमसाला लावून सांगितली आहे. तो १९७८ मध्ये, दहावीत, व्हर्सिटीत घेतला गेला नाही, त्याला जेव्हीत ठेवलं. काढून टाकलं नव्हतं. दहावीतल्या बहुतेक मुलांचं तेच होतं. पुढे तो सहा फूट सहा झाला, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

एनबीएतली, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधली, सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास असते. मग्सी बोग्स पाच फूट तीन इंचांचा होता आणि १४ हंगाम खेळला. आयझेया थॉमस पाच नऊ, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तेव्हा) अगदी शेवटच्या, ६० व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१६-१७ मध्ये बोस्टनसाठी सामन्यामागे २८.९ गुण काढत होता. अशी नावं सगळ्यांना पाठ असतात याचं कारण ती फार थोडी आहेत. कॉलेजच्या छोट्या डिव्हिजनमध्ये मात्र पाच दहाचा गार्ड अगदी नेहमीचा.

बुटक्या गार्डला एक परीक्षा द्यावीच लागते. दोन मित्रांना सांग, मध्यरेषा ओलांडली की साइडलाइनजवळ मला दोघांनी मिळून कोंडा. तिथून डोकं वर ठेवून, चेंडू न गमावता, दोघांच्या मधून किंवा वरून नीट पास देता येतो का? हायस्कूलमध्ये समोरची टीम तुझी उंची पाहून पहिल्या मिनिटापासून हेच करणार. यासाठी वयाची वाट पाहायची गरज नाही. आणि हो, बास्केटबॉल सोडून दुसरा खेळ खेळत असशील तर इतक्यात सोडू नकोस. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मुलांसाठी केलेल्या शिफारशींतही चौदा वर्षांच्या आत एकाच खेळाला वाहून घेऊ नये असंच म्हटलंय.

प्रश्न: कोच, मी अकरावीत, फॉरवर्ड, पाच फूट दहा. डिव्हिजन थ्रीच्या एका चांगल्या कॉलेजची कोच दर आठवड्याला फोन करते आणि आता तिनं माझे मार्क मागवलेत. दुसरीकडे डिव्हिजन वनच्या एका विद्यापीठाचा कोच म्हणतो, स्कॉलरशिप नाही, पण वॉक-ऑन म्हणून ये, बघू. आई-बाबांचं म्हणणं, दोन्हीकडे खेळाचे पैसे नाहीतच, मग निदान डिव्हिजन वनचं नाव तरी लागेल.

उत्तर: तुझ्या पत्रात एका कोचनं केलेल्या गोष्टी आहेत आणि दुसऱ्यानं काढलेला एक शब्द आहे. ‘बघू’. आईला विचार, लग्नाच्या बोलण्यांत ‘बघू’ म्हणजे काय असतं.

अकरावीत मार्क मागवणं ही डिव्हिजन थ्रीतली मोठी पायरी आहे. नावाजलेल्या कॉलेजांत कोच ते प्रवेश कार्यालयाला आधी दाखवून अंदाज घेते, कारण तिला मोजक्याच मुलींसाठी शब्द टाकता येतो. तो शब्द ती तुझ्यावर खर्च करायच्या विचारात आहे. वॉक-ऑनचं म्हणशील तर २०२५ च्या उन्हाळ्यात न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर, कॉलेजनं खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केलेल्या विद्यापीठांत बास्केटबॉल संघाला १५ जणींची कमाल मर्यादा आली आहे. पूर्वी सोळावी, सतरावी वॉक-ऑन संघात ठेवून घेत, आता तिला जागाच नाही. ते विद्यापीठ या व्यवस्थेत आहे का, आणि ‘बघू’चा अर्थ नक्की जागा की पहिल्या आठवड्यात चाचणी, हे त्या कोचला स्वतः फोन करून विचार. बाबांना करू देऊ नकोस. आईबापच बोलत असले की कोच मनातल्या मनात नाव खोडतात.

आईबाबांच्या ‘नावा’बद्दल. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच, हा नियम आहे. आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असून तिथेही नसते, पण त्या नावापुढे आपले लोक हा मुद्दा काढत नाहीत. एमआयटी, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एनवाययू यांचे बास्केटबॉल संघ डिव्हिजन थ्रीत खेळतात, हे त्यांना सांग आणि चेहरे बघ. एनवाययूच्या मुलींनी २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षं एकही सामना न हरता विजेतेपद घेतलं. हा छंद म्हणायचा तर म्हणोत.

पैशाचा एक मुद्दा मात्र त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. तिथली मदत घरच्या उत्पन्नावर किंवा तुझ्या मार्कांवर मिळते, खेळावर नव्हे. म्हणजे दुसऱ्या वर्षी गुडघा गेला, कोच बदलली, किंवा तुलाच कंटाळा आला, तर खेळ सुटेल, मदत सुटणार नाही. मी मुलींना नेहमी विचारायचे, चेंडू नसता तर या कॉलेजात गेली असतीस का. तुझं उत्तर हो असेल तर थ्रीच्या कोचला अजून दोन प्रश्न विचार: माझ्या जागेवर खेळणाऱ्या किती जणी पुढच्या वर्षी उरतायत, आणि माझ्या वर्षी तुम्ही एकूण किती जणी आणताय. तिथे काही कोच वीस-वीस मुली गोळा करतात आणि निम्म्या दुसऱ्या वर्षापर्यंत गळतात. उत्तर देताना ती अडखळली नाही तर जा.

आणि पुढचं पुढे. डंकन रॉबिन्सन विल्यम्स या डिव्हिजन थ्री कॉलेजात पहिलं वर्ष खेळला, तिथून मिशिगनला गेला, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही आणि तरी मायामीकडून एनबीए खेळला. हे उदाहरण मी तुला आशेसाठी देत नाहीये. चांगला खेळ कुठूनही दिसतो, एवढ्याचसाठी देतेय.

प्रश्न: आम्ही एच-१बी वर आहोत, ग्रीन कार्डची रांग लांब आहे. मुलगा एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेल्याचा व्हिसा), दहावीत, सहा फूट पाच. शाळेचा कोच म्हणतो याला डिव्हिजन वनची मागणी येईल, एनआयएलचे, म्हणजे नाव-चेहरा वापरू देण्याचे, पैसेही मिळतील. यात आम्हाला काय अडचण?

उत्तर: खेळायला अडचण नाही, स्कॉलरशिप घ्यायलाही नाही. कमाईला आहे. स्वतःचं नाव, चेहरा वापरू देऊन पैसे मिळवायची मुभा खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून आहे, पण व्हिसाचा कायदा तिच्यासाठी बदललेला नाही. एच-४ वरच्या मुलाला काम करता येत नाही. एकविसाव्या वर्षी तो एच-४ मधून बाहेर पडतो आणि बहुधा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेतो, आणि त्यातही कॉलेजच्या आवारातलं मर्यादित काम सोडलं तर बाहेर कमावण्यावर बंधनं आहेत. पर्ड्यूचा झॅक ईडी, कॅनडाचा, सात फूट चार, २०२३ आणि २०२४ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि जाहिरातींच्या पैशाच्या बाबतीत त्याचे हात याच कारणानं बांधलेले होते. कॉलेज आता जे थेट पैसे देतं तेही व्हिसाच्या दृष्टीनं काम ठरतं का, हा वकिलाचा प्रश्न आहे, कोचचा नव्हे. करारावर सही करण्याआधी स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठा. कॉलेजचा वकील कॉलेजचा असतो.

आणखी एक. तुमच्या पत्रात मुलाला ‘एक वर्ष मागे घ्यावं का’ असंही होतं. नववी सुरू होण्यापूर्वी घेतलं असतंत तर वेगळं. डिव्हिजन वनचं घड्याळ नववीच्या पहिल्या दिवशी सुरू होतं आणि आठ सत्रांत शाळा संपवावी लागते. आता मागे घेऊन पात्रता धोक्यात घालू नका. सहा फूट पाच आणि दहावीत असेल तर घाईचं कारणही नाही.

प्रश्न: सहावीतला नातू रात्रंदिवस बास्केटबॉल करतो, भिंतीवर एनबीएची पोस्टरं आहेत. एवढ्या मोठ्या देशातून एकही तिथे पोहोचला नाही का? आणि मराठी माणूस कधी?

उत्तर: आजोबा, पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन, पोरवयात फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत आला आणि २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ वा निवडला. भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडात जन्मलेला, पंजाबी आईबापांचा सिम भुल्लर, सात फूट पाच, सॅक्रामेंटोकडून तीन सामन्यांत उतरला. त्या सॅक्रामेंटो संघाचे मालक मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे. तेव्हा मराठी नाव एनबीएत आहे, फक्त ते सॉफ्टवेअरच्या पैशातून पोहोचलंय. या गृहस्थांनी स्वतः खेळ न खेळता मुलीच्या बारा वर्षांखालच्या संघाला कोचिंग केलं होतं आणि पूर्ण कोर्टभर दबाव टाकायला लावून बऱ्याच उंच संघांना रडवलं होतं, हे मला त्यांच्या मालकीपेक्षा जास्त कौतुकाचं वाटतं.

एनबीएत ३० संघ, प्रत्येकी १५ पक्के करार, शिवाय तीन-तीन अर्धे करार, खालच्या लीगशी वाटून घेतलेले. जगभरातून मिळून ५४० जण. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त ६० निवडले जातात. २०२० च्या त्याच हिशेबात ड्राफ्टला पात्र ठरलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी निवडले गेलेले १.२ टक्के होते, आणि हे हायस्कूलमधून आधीच गाळून आलेले. मुलींचं गणित याहून कडक: डब्ल्यूएनबीएत २०२५ मध्ये १३ संघ, संघात फार तर १२ जणी. खेळून पोट भरणारे मात्र यापेक्षा बरेच आहेत. एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये हंगामाचे चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर मिळतात, युरोप, ऑस्ट्रेलिया, आशियातल्या लीगमध्ये कुणाला त्याहून कमी, कुणाला कितीतरी जास्त. एजंटचा फोन लागेना, पगार दोन महिने थकला, असं तिथे होतं. तरुणपणी चालतं.

नातवाचं वय यातलं काही ठरवण्याचं नाही. पोस्टरं राहू द्या. तुम्ही रोज त्याच्याबरोबर कोर्टवर जात असाल तर एवढंच करा: उजव्या हातानं दहा ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) घातले की डाव्यानं वीस घालायला सांगा, आणि चेंडू डाव्या बाजूनं नेताना तो खाली बघतो का ते बघा. रागावू नका, नुसतं ‘वर’ म्हणा.

गुडघे, घोटे आणि मुलींच्या एसीएलबद्दल (गुडघ्यातला अस्थिबंध) आलेली पत्रं पुढच्या अंकात घेते. तोवर ज्यांच्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दाबल्यावर दुखतंय त्यांनी उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.